कोल्हापूर ते तिरुपती विमानाने: अंतर किती, वेळ किती आणि हे गणित घरबसल्या स्वतः कसं करायचं

आमच्याकडे कोल्हापुरात तिरुपतीला जाऊन आलेला माणूस घरी पोचायच्या आधी अंबाबाईच्या देवळात जातो. बालाजीचं दर्शन झालं आणि अंबाबाईचं राहिलं तर यात्रा पुरी होत नाही अशी श्रद्धा आहे, आणि नवरात्रात तिरुमला देवस्थानाकडून देवीला मानाचा शालू येतो तो बघायला आजही गर्दी होते. त्यामुळे कोल्हापूर-तिरुपती हा प्रवास इथल्या जवळपास प्रत्येक घरात कधी ना कधी होतोच. पूर्वी हरिप्रिया एक्सप्रेस हाच सरळ मार्ग होता, मिरज, बेळगाव, हुबळी, बळ्ळारी, गुंतकल करत रात्र धरून वीस तासांच्या घरात. आता विमानाचा विचार सगळेच करतात आणि पहिला प्रश्न हाच असतो की अंतर किती आणि वेळ किती लागतो.

मी पहिल्यांदा आईला घेऊन गेलो तेव्हा नेटवर एक आकडा बघितला, १ तास १९ मिनिटं. तो खरा धरला आणि विमान उतरल्यावर अडीच तासांनी दर्शनाचा स्लॉट घेतला. विमान पाऊण तास उशिरा निघालं, पुढे बॅगा यायला वेळ, मग गाडी, आणि स्लॉटच्या वेळेला आम्ही अजून अलिपिरीच्या, म्हणजे तिरुमलाच्या घाटाच्या पायथ्याच्या, तपासणीच्या रांगेत उभे होतो. आई सत्तरीच्या पुढची, ती गाडीत बसून सारखं घड्याळ बघत होती, हातातली पाण्याची बाटली उघडून बंद करत होती, पाणी मात्र पीत नव्हती. दर्शन झालं शेवटी, पण ते दोन तास तिचा जीव टांगणीला लागला होता. त्यानंतर मी हे गणित नीट शिकून घेतलं आणि तेच इथं सविस्तर लिहितोय, म्हणजे कुठल्याही दोन लहान विमानतळांसाठी तुम्हाला ते स्वतः करता येईल.

आधी विमानतळ बरोबर ओळखा

कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला आहे, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात १९३९ साली सुरू झालेला, आणि त्याचा कोड के-एल-एच. तिरुपतीचा विमानतळ गावात नाही, रेणिगुंट्याला आहे, कोड टी-आय-आर. हा कोड नीट बघा, कारण तिरुवनंतपुरम म्हणजे टी-आर-व्ही आणि तिरुचिरापल्ली म्हणजे टी-आर-झेड, आणि मोबाईलवर तिकीट काढताना "तिरु" एवढं टाइप केलं की तिन्ही नावं खालोखाल येतात. वयस्कर माणसांसाठी दुसरं कुणीतरी घाईत तिकीट काढत असतं तेव्हा तर हे हमखास तपासायचं. एक केरळात, एक तमिळनाडूत आणि आपल्याला जायचंय आंध्रात.

अंतर काढायची पद्धत

सोपा रस्ता म्हणजे कॉम्प्युटरवर गुगल मॅप उघडा, उजळाईवाडीच्या रनवेवर राइट क्लिक करा, मेजर डिस्टन्स निवडा आणि रेणिगुंट्याच्या रनवेवर क्लिक करा. झालं. पण कागदावर एकदा करून बघितलं की आकड्यामागचं कळतं, आणि त्याला दहावीच्या गणितापलीकडे काही लागत नाही.

त्याच राइट क्लिकमध्ये सगळ्यात वर दोन आकडे दिसतात, पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. कोल्हापूर विमानतळ साधारण १६.६६ आणि ७४.२९. तिरुपती विमानतळ साधारण १३.६३ आणि ७९.५४. आता वजाबाकी करा. अक्षांशातला फरक ३.०३ अंश, रेखांशातला ५.२५ अंश.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल (विमानं आणि जहाजं अंतर मोजतात ते माप), हे कुठंही गेलात तरी तसंच. म्हणजे दक्षिणेकडे आपण ३.०३ गुणिले ६०, साधारण १८२ नॉटिकल मैल उतरतो. रेखांशाचं मात्र तसं नसतं, विषुववृत्तावर दोन रेखांशांमधलं अंतर सगळ्यात जास्त आणि ध्रुवाकडे जाताना ते कमी कमी होत जातं, संत्र्याच्या फोडी कशा मधे फुगीर आणि टोकाला निमुळत्या असतात तसं. म्हणून तिथं मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. दोन्ही गावांच्या मधला अक्षांश १५.१५, त्याचा कोसाइन ०.९६५, तो मोबाईलच्या कॅल्क्युलेटरमध्येच मिळतो, फक्त ते डिग्रीवर आहे ना तेवढं बघा, रेडियनवर असेल तर भलतंच उत्तर येईल. मग ५.२५ गुणिले ०.९६५ म्हणजे ५.०७, आणि त्याला ६० ने गुणलं की पूर्वेकडे ३०४ नॉटिकल मैल.

आता काटकोन त्रिकोण झाला, एक बाजू १८२, दुसरी ३०४. पायथागोरस लावा. ३०४ चा वर्ग ९२,४१६, १८२ चा वर्ग ३३,१२४, बेरीज १,२५,५४०, वर्गमूळ साधारण ३५४ नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे अंतर आलं ६५६ किलोमीटर. पृथ्वी गोल धरून अचूक सूत्राने काढलं तरी ६५७ च्या आसपासच येतं. भारतातल्या भारतात, हजार किलोमीटरच्या आतल्या प्रवासाला ही पद्धत अगदी पुरेशी आहे. दिल्ली-न्यूयॉर्कसारख्या लांबच्या प्रवासाला मात्र ती वापरू नका, तिथं पृथ्वीचा गोलपणा खूप फरक पाडतो.

हे गणित केलं तेव्हा मला एक गोष्ट फार आवडली. या रेषेचा मधला बिंदू काढला, म्हणजे दोन्ही अक्षांशांची सरासरी आणि दोन्ही रेखांशांची सरासरी, तर तो येतो १५.१५ आणि ७६.९२, आणि हे जवळजवळ तंतोतंत बळ्ळारी शहर आहे. हरिप्रिया ज्या बळ्ळारीला थांबते तेच. नकाशावर पट्टी ठेवली तर ही सरळ रेषा बदामीच्या जवळून, मग हंपीच्या जवळून, बळ्ळारीवरून आणि पुढे अनंतपूरच्या अंगाने जाते. म्हणजे चालुक्यांची बदामी आणि विजयनगरची हंपी दोन्ही एकाच सरळ रेषेखाली. विमान अगदी पट्टीने आखल्यासारखं जात नाही, त्याचे मार्ग ठरलेले असतात, पण आकाश मोकळं असेल आणि उजव्या बाजूची खिडकी मिळाली तर अर्ध्या वाटेच्या थोडं आधी तुंगभद्रेच्या धरणाचं पाणी शोधा. जाताना उजवी, येताना डावी.

अंतराचं वेळेत रूपांतर, आणि इथंच चूक होते

नेटवरच्या बऱ्याच साइट काय करतात, तर अंतर घेतात, ताशी ८०५ किलोमीटरने म्हणजे ५०० मैलांनी भागतात आणि वर सरसकट ३० मिनिटं घालतात. ६५७ भागिले ८०५, ४९ मिनिटं, अधिक ३०, झाले १ तास १९ मिनिटं. माझा तो आकडा इथूनच आला होता. पण त्या साइटला तुमच्या मार्गावर विमान कुठलं आहे हे माहीतच नसतं, आणि लहान विमानतळांच्या बाबतीत तोच कळीचा मुद्दा आहे.

आपल्याकडे लहान गावांना जोडणारी विमानं मुख्यतः दोन जातीची. एक एटीआर ७२, पंख्याचं म्हणतात ते, त्याचा वेग ताशी साधारण ५०० ते ५१० किलोमीटर. दुसरी छोटी जेट, एम्ब्रेअर कंपनीची, पन्नास सीटचं १४५ आणि ७६ सीटचं १७५, त्यांचा वेग ८०० च्या आसपास. तिकीट काढताना फ्लाइट डिटेल्समध्ये विमानाचं नाव लिहिलेलं असतं, एटी७ किंवा एटीआर दिसलं की समजा पंख्याचं, ई७५ किंवा ईआर४ दिसलं की जेट. एटीआर हे वाईट विमान अजिबात नाही हो, आखूड रनवेवर उतरतं, इंधन कमी खातं, आणि एटीआर नसती तर कित्येक गावांना विमानच दिसलं नसतं. फक्त वेळ जास्त धरायची.

माझी पद्धत अशी. अंतरात पाच-सात टक्के वाढवा, कारण विमान सरळ रेषेत जात नाही आणि उतरताना रनवेच्या दिशेने वळसा घ्यावा लागतो. कोल्हापूरची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे, वाऱ्यामुळे विमान पश्चिमेकडे उडालं तर त्याला वळून आग्नेयेकडे यावं लागतं, त्यात काही मिनिटं जातात. तर ६५६ चे ७०० धरा. जेटला ७०० भागिले ८००, साधारण ५३ मिनिटं. वर चढताना आणि उतरताना वेग कमी असतो त्याची १२ मिनिटं. दोन्हीकडे जमिनीवर चालायची मिळून १० मिनिटं, कारण उजळाईवाडी आणि रेणिगुंटा दोन्ही लहान, मुंबईसारखी रनवेसाठी रांग नसते. एकूण १ तास १५ मिनिटं. एटीआरला ७०० भागिले ५०० म्हणजे ८४ मिनिटं, अधिक १० आणि १०, एकूण पावणेदोन तासाला एकच मिनिट कमी. एकाच मार्गावर अर्ध्या तासाचा फरक फक्त विमानामुळे पडतो.

वाऱ्याचं पण सांगतो. पावसाळ्यात खालच्या थरात वारं पश्चिमेकडून वाहतं आणि एटीआर तुलनेने खालून उडते, त्यामुळे जाताना तिला मागून ढकल मिळते आणि येताना समोरून वारं लागतं. २० नॉट, म्हणजे ताशी २० नॉटिकल मैल, वारं धरलं तर वळसा न धरता नुसत्या सरळ ३५४ नॉटिकल मैलांना जाताना ७२ मिनिटं आणि येताना ८३, म्हणजे दहा-अकरा मिनिटांचा फरक. जेट खूप वरून जाते, तिला हे खालचं वारं फारसं लागत नाही.

तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती हवेतली वेळ नव्हे. विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतची वेळ असते ती, तिला ब्लॉक टाइम म्हणतात, आणि कंपन्या त्यात थोडी राखीव मिनिटं घालतातच. म्हणून कधी कधी "विमान वीस मिनिटं लवकर पोचलं" असं होतं.

ब्लॉक टाइम लिहून ठेवा, कामाला येतो

हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे, प्रवाशांसाठीचे जे नियम आहेत ते ब्लॉक टाइमवर चालतात. अडीच तासांपर्यंतच्या फ्लाइटला दोन तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर विमानतळावर थांबलेल्या प्रवाशांना खाणंपिणं द्यायचं असतं. फ्लाइट वेळेत न कळवता रद्द केली आणि कारण हवामानासारखं हाताबाहेरचं नसेल, तर भरपाई ठरते ती पण ब्लॉक टाइमवर. एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, दोन्हीत जे कमी असेल ते. कोल्हापूर-तिरुपती जेटने जा नाहीतर एटीआरने, मधल्या गटात येतं. काउंटरवर भांडायची गरज नाही, शांतपणे हा नियम सांगायचा आणि लेखी मागायचं.

मात्र आपल्या पावसाळ्याची कल्पना ठेवा. जुलै-ऑगस्टात कोल्हापूरवर ढग इतके खाली येतात की विमान येऊन घिरट्या घालतं आणि दुसरीकडे जातं. हे हवामानात मोडतं, भरपाई नाही, पण पर्यायी फ्लाइट किंवा पूर्ण पैसे परत मिळायलाच हवेत.

थेट विमान नसेल त्या दिवशी

लहान विमानतळांची वेळापत्रकं बदलत राहतात, उन्हाळी वेगळं, हिवाळी वेगळं, आणि थेट फ्लाइट आठवड्याचे सगळे दिवस असेलच असं धरू नका. उडानसारख्या, लहान गावं विमानाने जोडायच्या सरकारी योजनेत सुरू झालेले मार्गही कधी कमी होतात, कधी वाढतात. म्हणून आधी तारीख टाकून बघा, मग सुट्टी मागा.

थेट नसेल तर हैदराबादमार्गे बघायचं. कोल्हापूर-हैदराबाद वरच्याच पद्धतीने ४४५ किलोमीटर येतं, हैदराबाद-तिरुपती ४१९, एकूण ८६४. म्हणजे सरळ अंतराच्या १.३ पट. वेळ मात्र १.३ पट होत नाही, ती तिप्पट-चौपट होते, कारण मधे थांबा असतो. दोन तासांचा थांबा धरला तरी साडेचार तास सहज जातात. आणि दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर घ्या ही माझी कळकळीची विनंती आहे. वेगवेगळी तिकिटं घेतली आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं, तिकिटाचे पैसे जातात आणि बॅग पण स्वतः काढून परत द्यावी लागते.

घराच्या दारापासून तिरुमलापर्यंत

आता खरं गणित. समजा तुम्ही राजारामपुरीत राहता. उजळाईवाडी नऊ-दहा किलोमीटर, पण कावळा नाक्याला आणि हायवेला गाडी अडकते, म्हणून अर्धा तास धरा. चेक-इनचा काउंटर बहुतेक ठिकाणी उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद होतो, हे लहान विमानतळाला पण लागू आहे, "आपलंच तर विमानतळ, पाच मिनिटात होतंय" असं म्हणून जाऊ नका. दीड तास आधी पोचा. वयस्कर माणूस असेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, एटीआरला शिडीनं चढावं लागतं आणि पायऱ्या अरुंद असतात.

विमान १ तास १५ मिनिटं. बॅग यायला आणि गाडी शोधायला २५ मिनिटं. रेणिगुंट्याहून तिरुपती गाव पार करून अलिपिरीला ४० मिनिटं. अलिपिरीला सगळी गाडी रिकामी करतात, बॅगा स्कॅनरमधून जातात, माणसांची झडती होते, तिथं कमीत कमी २५ मिनिटं, आणि शनिवार-रविवारी किंवा वैकुंठ एकादशीच्या दिवसात याला काही हिशोबच राहत नाही. मग घाट. वर जायचा रस्ता वेगळा, खाली यायचा वेगळा, आणि गाड्यांनी फार लवकर पोचू नये म्हणून टोकाला वेळ तपासतात, त्यामुळे ड्रायव्हरला "जरा दामटा" म्हणून उपयोग नाही. ४५ मिनिटं.

बेरीज करा. ३० अधिक ९० अधिक ७५ अधिक २५ अधिक ४० अधिक २५ अधिक ४५. झाली ३३० मिनिटं, साडेपाच तास. त्यात विमान फक्त सव्वा तास, चौथा हिस्सा पण नाही. एटीआर असेल तर सहा तास. म्हणून नेटवरचा फ्लाइट टाइम बघून दर्शनाचा स्लॉट ठरवायचा नसतो. ३०० रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन घेणार असाल तर विमान उतरायच्या छापील वेळेनंतर निदान पाच तासांनीचा स्लॉट घ्या. अडीच तास वर पोचायला, एक तास विमानाच्या उशिराला, आणि दीड तास खोली, आंघोळ आणि धोतर-साडी नेसायला, कारण पारंपरिक वेशाशिवाय त्या रांगेत सोडत नाहीत. आणखी बरं म्हणजे संध्याकाळी पोचा, रात्री मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा स्लॉट घ्या. आईला दुसऱ्यांदा नेलं तेव्हा असंच केलं, पहाटे ती स्वतःच आम्हाला उठवायला आली, केस विंचरून, पदर खोचून तयार.

चालत जायचा नवस असेल तर अलिपिरीच्या पायऱ्या ३,५५० आहेत आणि अंतर नऊ किलोमीटरच्या आसपास, चार-पाच तास सहज लागतात. श्रीवारी मेट्टूचा रस्ता लहान, २,३८८ पायऱ्या, पण चढ उभा. विमानाच्याच दिवशी पायऱ्या चढायचा बेत मात्र करू नका.

परतीचं

परतीच्या गणितात एक गोष्ट वाढते, लाडू. लाडवांची रांग वेगळी असते, तिला अर्धा-पाऊण तास धरा. केबिन बॅगेची मर्यादा सहसा सात किलो, आणि सगळ्या गल्लीला प्रसाद द्यायचा म्हटलं की ती पटकन भरते, म्हणून चेक-इन बॅगेत येताना जागा ठेवूनच निघा. उतारावर घाटात वेळ चढापेक्षा जास्त लागते. मंदिराजवळच्या खोलीवरून निघून रेणिगुंट्याच्या विमानतळात शिरेपर्यंत अडीच तास, त्यावर दीड तास विमानाच्या आधी, म्हणजे उड्डाणाच्या चार तास आधी खोली सोडायची.

हीच पद्धत दुसरीकडे लावून बघायची असेल तर नाशिकचं ओझर आणि नागपूर घ्या. ओझर २०.१२ आणि ७३.९१, नागपूर २१.०९ आणि ७९.०५. उत्तर २९४ नॉटिकल मैल, म्हणजे ५४५ किलोमीटरच्या आसपास यायला हवं, आणि एटीआरने दीड तास. नाही आलं तर कोसाइन लावायचा राहिलाय किंवा कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे.

आणि कोल्हापूरकरांसाठी शेवटचा टप्पा. संध्याकाळच्या विमानाने उजळाईवाडीला उतरलात तर बॅगेला पंधरा मिनिटं, भवानी मंडपापर्यंत पस्तीस-चाळीस मिनिटं, तिथून आत गाडी जात नाही म्हणून चालायची पाच-सात मिनिटं. विमान साडेसात-आठपर्यंत टेकलं तर शेजारतीच्या आत अंबाबाईसमोर उभं राहता येतं, बॅगा गाडीतच ठेवा आणि लाडवाची पिशवी तेवढी हातात घ्या.